माझ्या नावापुढचं शून्य

मंगळवार, १७ मार्च
दुपार

तीर्थरूप बाबांना,
नमस्कार.

इकडे सगळं ठीक आहे. तुमची तब्येत बरी असेल, आत्यांच्या गुडघ्यालाही आता आराम असेल. हाताने लिहिलेलं पाकीट बघून तुम्ही दचकाल, म्हणून आधीच सांगतो की कोणाला काही झालेलं नाही. घर, नळ आणि मशीन, तिन्ही चालू आहेत. मधल्या खोलीतला पंखा पुन्हा कुरकुरायला लागलाय, तेवढंच. तुमची खुर्ची खिडकीपाशी होती तिथेच आहे.

पत्र कामाचं आहे.

संचालकबाईंनी मागच्या आठवड्यात तपासणीस बोलावले होते. बियाणे बँकेतल्या संगणकांची तपासणी. आलेला माणूस चांगला होता, पण शीतगृहात नेलं तेव्हा कोट न घेता आत गेला आणि मग सगळे प्रश्न दात वाजवत विचारले.

"पासवर्डची मुदत किती?"

"नव्वद दिवस."

"संपायच्या किती दिवस आधी सूचना देता?"

"सात."

"चौदा करा. आणि मुदत संपल्यावर माणूस आलाच नाही, तर ते खातं बंद झालं पाहिजे. तुमच्याकडे सगळी उघडीच पडलेली दिसतात."

"आमची माणसं बिया गोळा करायला डोंगरात जातात. येतात परत."

"कधी?"

"उशिरा," मी म्हणालो.

त्याने ते लिहून घेतलं. महिनाअखेरपर्यंत बदल करायचा आहे.

तुम्ही निवृत्त होताना मशीनखोलीची किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाला होतात, "हिला धूळ आणि साहेब, दोन्हींपासून जप." धुळीचं मी बघतो. साहेबांचं मला जमत नाही. मी तपासणिसाला "बरं" म्हणालो आणि त्याच दिवशी फाईल उघडून साताच्या जागी चौदा लिहिले, जपून ठेवले, चहा प्यायलो. काम झालं असं वाटलं.

काल वर्गीकरणाच्या बाई मशीनखोलीच्या दारात. चष्मा डोक्यावर, आणि शोधतायत हातातल्या पिशवीत.

"काय हो पाहुणे, चौदा दिवस आधी सांगणार होतात ना? आज सकाळी उघडते तर एकदम 'सात दिवस उरले.' मधला आठवडा कोणी खाल्ला?"

"खाल्ला नाही, बाई. अजून वाढलाच नसेल. बघतो."

"तुमचे सासरे असते तर..." असं म्हणून त्या थांबल्या. चष्मा सापडला तो पुसत बसल्या. "बरे आहेत ना ते?"

"बरे आहेत."

"त्यांना म्हणावं... जाऊ दे. काही म्हणू नका."

त्या गेल्यावर चूक लक्षात आली. तुम्ही असता तर टेबलावर हात आपटून हसला असता. पहिल्याच वर्षी तुम्ही मला ते सांगितलं होतं: त्या फाईलमधला आकडा फक्त पुढे नव्याने येणाऱ्यांसाठी. ज्यांचं खातं आधीच उघडलंय त्यांच्या नावापुढे त्या वेळी लिहिलेला आकडाच राहतो. फाईल कितीही बदला, त्यांना पत्ता लागत नाही. "आत आलेल्या माणसाला एकेकाला हाक मारावी लागते," असं म्हणाला होतात.

तर आज दुपारपासून एकेकाला हाक मारतोय.

तुम्ही विचाराल, एका ओळीच्या आज्ञेत सगळ्यांचं झालं असतं, हाताने का? मला ठाऊक आहे ती ओळ. लिहूनही ठेवली होती. पण बाहेर सगळे जेवून पेंगत होते, खिडकीतून ऊन थेट कीबोर्डावर आलं होतं, आणि मशीनचा तो आवाज, तुम्ही म्हणायचात ना, झोपलेल्या गाईसारखा. घाई कशाची होती? एक नाव लिहायचं, त्याच्या पासवर्डाचं वय बघायचं, कधी बदलला, कधी संपणार, सूचना किती दिवस आधी. मग सात पुसून चौदा. मग पुढचं नाव.

नावं सगळी तुम्ही ठेवलेली. पगारपत्रकावरची नावं मशीनला पाठ करायला लावणार नाही म्हणालात आणि ज्याला त्याला टोपणनावाने बसवलं. शीतगृहातला तो बारीक माणूस 'पेंग्विन'. हिशेबनीस 'अडीच', कारण तो जेवायला अडीचला जातो आणि अडीचला येतो. माळीदादा 'उंदीर', कारण त्यांनी माऊस पहिल्यांदा हातात धरला तो शेपटीने. स्वतःसाठी तुम्ही 'म्हातारा' घेतलंत, तेव्हा तुमचे सगळे केस काळे होते. आणि मी हंगामी म्हणून आलो, माझं खातं उघडायचा कंटाळा केलात, पाहुण्यांसाठीच्या खात्यावर बसवलंत. पुढे कायम झालो, जावई झालो, पण नाव तेच राहिलं. घरीसुद्धा.

एकेक नाव लिहिलं की तो माणूस खोलीत येऊन उभा राहिल्यासारखं होई. काही माणसं आता नोकरीत नाहीत. तरी येत होती. मी चौदा लिहायचो, ती जायची.

पेंग्विन हाक मारतोय, शीतगृहाचा गजर वाजतोय. उरलेलं उद्या लिहितो.


बुधवार

काल गजर काही नव्हता. कोणीतरी दार नीट ओढलं नव्हतं.

आज सकाळी मशीनखोलीत बसल्या बसल्या डोळा लागला. आजकाल असं होतं, कुठेही लागतो, फक्त पलंगावर लागत नाही. स्वप्न पडलं. मशीनच्या आत एक लांब बोळ होता, दोन्ही बाजूंना शीतगृहातल्यासारखे खण, आणि प्रत्येक खणावर एक लहान हिरवा दिवा. ती अनवाणी पुढे चालली होती. एकेक खण अर्धा ओढायची, आत वाकून हाक मारायची, आतून काहीतरी उत्तर यायचं, मग खण हलकेच ढकलून द्यायची. मला नुसतं चालत राहायचं होतं मागे. मी विचारलं, माझा खण कुठला? तिने मागे न बघता म्हटलं, "तुला आधी सांगितलेलं चालत नाही ना." आणि हसली. बोळ संपायच्या आत मी उठलो. गालावर कीबोर्डाच्या खुणा उठल्या होत्या. चहावाल्या मावशींनी बघितल्या आणि चहा भरून दिला.

तुम्हाला हे लिहिणार नव्हतो. पत्र कामाचं आहे.

दुपारी उरलेली नावं घेतली. 'म' वर आलो. आधी 'मुंगी', मग 'म्हातारा'.

हाताने करायचं का ठरवलं, ते मला तिथे कळलं. एका ओळीत केलं असतं तर मशीनने 'मुंगी' हे नावही इतरांबरोबर घेतलं असतं, आणि मला दिसलंही नसतं.

तिच्या नावापुढे सूचना तीस दिवस आधी असं लिहिलेलं आहे. सगळ्यांना सात, तिला तीस. ते तुम्ही कधी केलंत, मला आठवतं. ती अंकुरण खोलीत ओल्या कागदावर बिया मोजत असायची, बाहेरच्या जगात आज कुठला वार हेही विचारून घ्यायची, दर वेळी पासवर्ड संपून दार बंद झालं की तुमच्याकडे धावत यायची. तुम्ही वैतागून महिनाभर आधीची सूचना लावून दिलीत. काय उपयोग? पहिले एकोणतीस दिवस ती त्या सूचनेला "हो हो" म्हणायची. खरंच, तोंडाने. आणि तिसाव्या दिवशी संध्याकाळी तुम्ही घरात खुर्चीत बसलेले असताना, "बाबा, पटकन एक शब्द सुचवा!"

"पासवर्ड दुसऱ्याला विचारायचा नसतो, मुंगे."

"मग एक बी सुचवा."

तुम्ही मुद्दाम कुठल्यातरी गवताचं लांबलचक नाव घ्यायचात. ती ते लिहायची, मशीन नको म्हणायचं, फार सोपा आहे. ती मशीनवर चिडायची. "ह्याला सोपा वाटतो? ह्याने हे गवत बघितलंय तरी का?"

तिने शेवटचा पासवर्ड बदलला ती तारीख तिथे आहे. डिसेंबरची तीस. मी बोटांवर मोजून बघितलं, मग कागदावर मोजलं. सूचना दिसायला लागली त्याच दिवशी तिने तो बदलला होता. महिना हातात असताना. जन्मात कधी केलं नव्हतं ते.

मग तुमचं नाव घेतलं. तीच तारीख.

तो दिवस मला आठवला, बाबा. तुम्ही त्या दिवशी सहज म्हणून चक्कर मारायला आला होतात. मी तिघांचा चहा घेऊन अंकुरण खोलीत आलो. खोलीत नेहमीचा तो हिरवट उजेड, ताटांतलं पाणी छतावर हलत होतं. तुम्ही दोघं एका टर्मिनलपाशी, ती स्टुलावर आणि तुम्ही शेजारी वाकून.

"काय चाललंय?"

"पासवर्ड बदलतोय," ती म्हणाली.

"आज? अजून महिना असेल की."

"असू दे. एकदाचं करून टाकते. बाबांचाही बदलून घेतला."

तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. कीबोर्डाकडे बघत होता, कोणीतरी अक्षरं इकडची तिकडे केल्यासारखे. मी कप पुढे केला. तुम्ही एक घोट घेतलात आणि म्हणालात, "साखर कमी पडली."

तुम्ही बिनसाखरेचा घेता. मला वाटलं, म्हातारपण.

ती दुसऱ्या दिवसापासून सुट्टीवर गेली. अंकुरांचा कंटाळा आलाय म्हणाली. अंगात रक्त कमी आहे, डॉक्टरांनी विश्रांती सांगितलीय, एवढंच मला माहीत होतं. मीही सुट्टी टाकली. आम्ही काहीच केलं नाही. तळ्यापर्यंत चालत जायचो आणि अर्ध्या वाटेवरून परत यायचो. ती खिडकीत झोपायची, मी पंखा खोलून बसायचो. पंखा दुरुस्त झाल्यावर तिने तो पुन्हा बिघडवायला लावला, म्हणाली आवाजाशिवाय झोप येत नाही. तुम्ही खुर्चीत पेपर वाचत असायचात. एकच पान. मला ते तेव्हा दिसलं नाही.

मग ते इस्पितळ. दोन दिवसांचं काम आहे असं सांगून नेली होती. तिथल्या बोळात डॉक्टर मला म्हणाले, "तुम्हाला कल्पना आहेच." मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही खाली बघितलंत.

त्यानंतरचं लिहीत नाही. तुम्ही तिथे होता.

सगळे पांगल्यावर स्वयंपाकघरात मी तुम्हाला एकच वाक्य बोललो. "तुम्हाला ठाऊक होतं." तुम्ही "हो" म्हणालात. मी आणखी काही विचारलं नाही, तुम्ही सांगितलं नाहीत. दुसऱ्या दिवशी तुम्ही बॅग भरून आत्यांकडे निघालात. मी तुम्हाला अडवलं नाही. बॅग दारापर्यंत उचलून दिली. ती बॅग हलकी होती. तेव्हापासून ते मला सारखं आठवतं, की इतक्या वर्षांच्या घरातून माणूस एवढी हलकी बॅग घेऊन गेला.


गुरुवार, सकाळी लवकर

काल इथेच थांबलो. शेवटचं नाव राहिलं होतं.

माझं स्वतःचं. ते मी शेवटी ठेवलं, आपलं काय, कधीही करता येईल म्हणून. आज सकाळी कोणी यायच्या आत मशीनखोलीत येऊन बघितलं. सूचना किती दिवस आधी: शून्य.

मला ते शून्य माहीत होतं. विसरलोही नव्हतो. फक्त आकड्यात लिहिलेलं कधी बघितलं नव्हतं.

मी कायम झालो तेव्हाची गोष्ट. तुम्ही माझं रीतसर खातं उघडलंत, आणि काही महिन्यांनी रोज सकाळी ती पाटी यायला लागली, इतके दिवस उरले, इतके दिवस उरले. मी येऊन तुम्हाला म्हणालो, तेव्हा मी तुम्हाला साहेब म्हणायचो, "साहेब, ही रोजची टकटक मला नको. ज्या दिवशी संपेल त्या दिवशी बघू. आधीपासून माहीत असलं की माझं कशातच लक्ष लागत नाही."

"सूचना नको?"

"नको."

"दार तोंडावर बंद झालं तर?"

"तर तुम्ही आहातच."

तुम्ही काहीतरी टाइप केलंत. "घे. शून्य. आता तुला त्याच दिवशी कळेल." दारात कोणीतरी ओल्या कागदांचं ताट घेऊन उभं होतं. ते म्हणालं, "ह्यांना परीक्षेची तारीखसुद्धा पेपर हातात दिल्यावर सांगत असतील." तिने माझ्याबद्दल बोललेलं ते पहिलं वाक्य. मी मान वर केली नाही, कान मात्र तापले. तुम्ही म्हणालात, "ही माझी मुलगी. हिला तीस लागतात." मग तुम्ही दोघं हसलात.

पुढे ती आपल्या घरातली नेहमीची थट्टा झाली. पाहुणे यायचे असले तर मला दारावरची घंटा वाजल्यावर कळायचं. इंजेक्शन द्यायचं असलं तर ती नर्सला सांगायची, "ह्यांना मोजून दाखवू नका, टोचलं की कळेलच." मला ते आवडायचं. माझी एवढी एक खोड कोणीतरी सांभाळतंय, असं वाटायचं.

म्हणजे ह्या वेळीही तुम्ही दोघांनी तेच केलंत. मी जे मागितलं होतं तेच दिलंत. सूचना नाही, त्याच दिवशी.

राग गेला असं लिहिणार नाही, बाबा. तुमच्याशी खोटं बोलायची मला सवय नाही. तो खाली बसलाय, गढूळ पाण्यातली माती बसते तसा, आणि वरचं पाणी आता थोडं दिसतं. मी स्वतःला विचारून बघितलं, मला महिनाभर आधी कळलं असतं तर मी काय केलं असतं? तळ्याच्या वाटेवर तिच्या चेहऱ्याकडे बघत चाललो असतो. ती खिडकीत झोपली की श्वास मोजला असता. पंखा तर खोललाच नसता. ती म्हणायची तसं, बी जिवंत आहे का हे कळून घ्यायचं तर ते ओल्या कागदावर ठेवावं लागतं, आणि मग ते बी ठेवणीतलं राहत नाही. ते दिवस तिला ठेवणीतले हवे असतील. मला ते तसेच मिळाले. पण त्याचं ओझं कोणीतरी उचललं म्हणून मिळाले, आणि ते तुम्ही खुर्चीत बसून एका पानामागे उचललंत, हे मला तुमच्या त्या हलक्या बॅगेपर्यंत कळलं नाही.

आता कामाचं.

तुम्ही रोज संध्याकाळी घरून लॉगिन करून शीतगृहाचं तापमान बघून जायचात. निवृत्त झाल्यावरही. मशीन बघतं, पेंग्विन बघतो, मी बघतो, तरी 'म्हातारा' येऊन गेल्याशिवाय दिवस मिटल्यासारखा वाटायचा नाही. तुम्ही गेल्यापासून ते नाव आलेलं नाही. तुमचा पासवर्ड ३० मार्चला, सोमवारी संपतो. तपासणीसाच्या नियमाप्रमाणे त्यानंतर खातं बंद होईल. मी तुमच्या नावापुढे चौदा लिहिले आहेत. पण तुम्हीच सांगितलंय, ती पाटी दारावर असते, दाराशी येईल त्यालाच दिसते, घरोघर जाऊन ओरडायला आपण दवंडीवाले नाही. जो दाराशी येतच नाही त्याला मशीन कसं सांगणार?

म्हणून हे पत्र. मी दवंडी घेऊन निघालोय. ही तुमची चौदा दिवसांची सूचना समजा, त्यातले काही मी लिहिण्यात घालवले आणि काही टपालात जातील.

मला तारीख पुढे ढकलता येते, हे तुम्हाला माहीत आहे. किल्ली तुम्हीच दिलीत. काल बोटं तिथवर गेलीही होती. पण त्याने फक्त मशीनची समजूत पटली असती. मला खात्यातला म्हातारा नकोय.

आणि तिचं खातंही त्याच दिवशी संपतं. तिच्या नावापुढचे तीस मी तसेच ठेवले. तपासणीस विचारेल तर सांगेन, त्या बाईंना चौदा पुरत नाहीत. तिची तारीख पुढे ढकलणार नाही, आधी कुलूपही लावणार नाही. दोन महिने मला ते बंद करणं जमलेलं नाही. संचालकबाईंनी एकदा विचारलं, मी म्हणालो, करतो. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. ते आपल्या दिवशी आपण होऊन संपू दे. तिने तो दिवस स्वतः निवडलाय, तुमच्या शेजारी बसून.

फक्त त्या दिवशी मला त्या खोलीत एकट्याने बसायचं नाही. तुम्ही या. अंकुरण खोलीतल्या टर्मिनलवर बसू, स्टूल दोन आणून ठेवतो. तुमचा तुम्ही बदला. मशीन जुना विचारेल, मग नवा, मग नवा पुन्हा. तिचा जाऊ दे. चहा बिनसाखरेचा आणीन.

त्या दिवशी तिने कुठला शब्द ठेवला, ते विचारणार नाही. मला सगळ्यांची दारं उघडता येतात, पण तो शब्द मलाही दिसत नाही, तिथे नुसती अक्षरांची गर्दी असते, आणि ते बरोबर आहे. पण तो शब्द लिहायच्या आधी तिने तुम्हाला काय सांगितलं, कसं सांगितलं, ती घाबरली होती का, माझ्याबद्दल काय म्हणाली, हे सगळं तुमच्याकडे आहे. दोन महिने ते तुम्ही आत्यांच्या घरी एकटे घेऊन बसला आहात. त्यातलं अर्धं माझं आहे.

बाहेर फाटक उघडल्याचा आवाज आला. माळीदादा असतील. ऊन आज अजून खिडकीपाशी आलं नाही, पण येईल.

आज हे लिहायला बसण्याआधी मी एक काम केलं. माझ्या नावापुढचं शून्य पुसलं. तिथे तीस लिहिले.

आता मला सांगितलेलं चालेल, बाबा. सांगा.

घराची एक किल्ली तुमच्याकडेच राहिली आहे. बेल वाजवू नका.

तुमचा,
पाहुणा